मामाच्या माळ्यावरची ओली माती

आधीच कबूल करून टाकते. या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचून खाली हसायच्या इमोजी टाकणारी एक पोरगी आहे ना... ती मीच. सॉरी सगळ्यांना! मी डिप्लोमा सिव्हिल, फायनल इयर. भिंतीतून आवाज आला तर मी तडा शोधते, भूत नाही. आणि मला आलेला अनुभव रात्रीचा पण नाही, भर दुपारचा आहे. टाइप करायलेय भराभर, चुका झाल्या तर समजून घ्या.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. ठिकाण चुडावा, पूर्णा तालुका. रेल्वे स्टेशनवरून चालत गेलं तर दहा मिनिटांत माझ्या मामाचं घर येतं. दगडी भिंती, पुढं एक मोठी खोली, मागं तीन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. घरात दोघंच, मामा आणि मामी. मामाला दिवाळीत लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा चालतो. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही.

एप्रिलमध्ये मामाला ऊन लागलं. बाहेर जाऊन नाही हं, घरातच, बाजेवर पडल्या पडल्या! परभणीला दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणले, यावेळी वाचले, पण शरीर आता उष्णता सोसत नाही. खोली थंड ठेवा. परत असं झालं तर हातात काही राहणार नाही. कूलर होता, पण दुपारी लाईट असली तर ना. मागं स्वयंपाकघरात न्यावं तर त्या तीन पायऱ्या, दार अरुंद, मामाला दिवसातून चार वेळा उचलायचं कसं?

मग मी म्हणलं, मामी, मी करते. छताचं काम माझ्याकडं लागलं.

आता छत समजून घ्या, कारण सगळा मामला तिथंच आहे. आधी या पुढच्या खोलीवर माळवद होतं. म्हणजे सागवानी तुळया, त्यावर फळ्या, तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण दरवर्षी पावसाआधी माती टाकायची, चोपायची, तरी कुठंतरी गळायचंच. बारा वर्षांपूर्वी गावात सगळ्यांनी वरून पत्रे टाकले, मामानं पण टाकले. आणि सगळ्यांनी केली तीच चूक केली — आता पत्रा आहे, मातीचं ओझं कशाला, म्हणून सगळी माती उकरून फेकून दिली. राहिल्या नुसत्या फळ्या. फळ्या आणि पत्र्याच्या मध्ये वाकून चालता येईल एवढा माळा. मे महिन्यात तो माळा म्हणजे भट्टी, आणि भट्टीच्या खाली मामाची बाज.

मी परभणीहून टेम्पोत टाकून थर्माकोलच्या शीट आणल्या, चकचकीत फॉइलवाल्या. सकाळी सहाला शिडी लावून वर जायचं, नऊला उतरायचं, नंतर वर जीवच राहत नाही. दोन दिवसांत सगळ्या फळ्यांवर शीट अंथरल्या. माळ्याच्या झडपेला कुलूप लावलं, कारण गावात वानरं लय. किल्ली दोऱ्यात बांधून माझ्या गळ्यात.

दुपारी थर्मामीटर बघितलं. आधी त्रेचाळीस दाखवायचं, आता बेचाळीस. एक डिग्री! रडूच आलं मला.

मामा वर बघायलाच लागला होता. एकटक. आणि डाव्या हातानं बाजेच्या पाटीवर मारायचा. दोनदा पटपट, मग थांबून एकदा. धप-धप... धप.

"त्यांचं दुखायलंय का काय की," मामी म्हणली आणि पाय चेपायला बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला वरून आवाज आला. धप-धप... धप. धप-धप... धप.

मामी माझ्याकडं बघायली, मी मामीकडं. मी लगेच ज्ञान दिलं — "मामी, पत्रा तापला की पसरतो. थर्मल एक्स्पान्शन म्हणतात. त्याचा आवाज हाय."

"अगं दिपे, बारा वर्षं पत्रा तापायलाय या घरावर. तवा न्हाई पसरला? आन तुझं ते एक्स्पान्शन ठेक्यात व्हतंय व्हय?"

मामा मात्र बाजेवर त्याच ठेक्यात हात मारायलाच होता. पहिल्यांदा मला त्याचा चेहरा शांत दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, वर गेले, टॉर्च मारला आणि जागेवरच बसले.

मामाच्या बाजेच्या बरोबर वरच्या चार शीट उचललेल्या होत्या. फाडलेल्या नाही, उचलून भिंतीला नीट रचून ठेवलेल्या! आणि त्या जागेवर फळ्यांवर तुराट्यांचा थर आणि त्यावर चार बोटं पांढरी माती. सपाट, चोपून चोपून गुळगुळीत केलेली. साधारण एका दाराएवढा तुकडा.

हात लावला. ओली. गार.

आता विचार करा... ज्या माळ्यात दुपारी टॉर्चचं प्लास्टिक मऊ पडतं, तिथं ओली माती! पत्रे बोल्टनं आवळलेले, चारी बाजूंनी विटा लावून बंद, एक हातभर झरोका त्याला पण जाळी. झडप एकच आणि किल्ली माझ्या गळ्यात, आंघोळीला पण काढली नव्हती.

मी खाली उतरून मामीवरच घसरले. "मामी, खरं सांगा, कुणाला वर चढवलं?"

"मी? माझे गुडघे बघ आन बोल! मला ओटा चढवंना, मी शिडी चढू? तूच केलंस आन आता मला भेव दाखवायलीस."

"मी माती कुठून आणू? आन पाणी?"

पाण्याचं नाव काढताच मामी घागरी बघून आली, पाणी होतं तेवढंच. तेव्हा टँकरचं पाणी चालू होतं, घरातली घागर न घागर मामी मोजून वापरायची. एक तांब्या कमी झाला तरी तिला कळलं असतं.

मग ऊन तापल्यावर मी स्टूलवर चढून खालून फळ्यांना हात लावला. सगळ्या फळ्या तापलेल्या. पण बाजेच्या वरच्या... माठाला हात लावल्यासारख्या.

मामी पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणली, "दगडूभाऊ."

दगडूमामा कोण, तर गावातले गवंडी, मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. या घराचं माळवद दरवर्षी तेच करायचे, आणि माती चोपायचे ती म्हणे याच ठेक्यात. दोघांची एक गंमत होती म्हणे. मामा त्यांना बघितलं की "जयभीम दगडू" म्हणायचा आणि ते मामाला "रामराम बाला". एकमेकांचा नमस्कार एकमेकांना. पत्रे टाकायचे ठरले तेव्हा दगडूमामा येऊन बसले होते. म्हणले, पत्रा टाक, पण माती काढू नको, खोली भाजंल. मामा तेव्हा गरम डोक्याचा. चार माणसांत म्हणला, तुझं मातीचं काम बंद पडंल म्हणून सांगायलास काय? दगडूमामा उठून गेले. परत या दारात आले नाहीत. दोघं एका पारावर बसायचे, पण तोंडं दोन दिशेला. चार वर्षांनी ते वारले. मामा मातीला गेला होता. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही, पण कुणाला काही बोलला नाही.

आणि आता तर बोलूच शकत नव्हता.

दगडूमामांची मुलगी सुनंदाताई गावातच असते, अंगणवाडीत मदतनीस आहे. लहानपणी बापाच्या हाताखाली मातीच्या पाट्या वाहिलेली. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणलं, ताई, जरा वर चढून एक काम बघता का?

ती वर आली. टॉर्चच्या उजेडात तिनं तुकड्याच्या कडेवरून हात फिरवला. तिथं तीन बोटं ओढल्याच्या रेघा होत्या, माझ्या लक्षातच आल्या नव्हत्या. मग तिनं मातीला बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ हाय," ती म्हणली. "वरच्या थरात खडे मीठ. गवत उगवू नये म्हणून बाकीचे बी टाकतेत. पण काठाला तीन बोटं... ही आमच्या आबाची सही हाय गं. ते म्हणायचे, मला लिव्हता येत न्हाई, माझं नाव हेच."

ती तिथंच बसून रडली. वाकून, पत्र्याखाली, घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकच. मग डोळे पुसून म्हणली, "शेवटी शेवटी आबा दुपारचे बाजेवर पडले का म्हणायचे, बालाची खोली तापत असंल. आमी म्हणायचो, आबा, भांडण हाय ना तुमचं? तर म्हणायचे, भांडण तोंडाचं हाय, उन्हाचं न्हाई."



खाली उतरल्यावर सुनंदाताई मामाच्या उशाशी उभी राहिली. मामानं तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. डोळ्यातून धार. ती म्हणली, "काका, राहिलेलं मी करते. आबा एकटे किती करतील?"

मग आम्ही लागलो कामाला. मी तुळया तपासल्या, कॉलेजच्या सरांना फोन करून वजन काढलं. सर म्हणले, हातभर नको, चार बोटं चालेल. म्हणजे वर जेवढी होती तेवढीच! गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या गावठाणाच्या जागेतून, माती आणली, शेतातून तुराट्या. सुनंदाताई सांगायची, मी करायचे. पहिल्या दिवशी माती बडवायचं लाकडी चोपणं असं धरलं की ती म्हणली, "इंजिनेर बाई, पापड लाटायलात का?" मामी खालून हसायली. किती महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं असेल.

पाच सकाळी काम चाललं. आणि आता ऐका... आम्ही नऊला उतरायचो, कुलूप लावायचो. दुपारी दोनला वरून धप-धप... धप. दुसऱ्या दिवशी वर जावं तर आमचा ओबडधोबड भाग चोपून गुळगुळीत झालेला असायचा. तिसऱ्या दिवसापासून आम्ही चोपायचं सोडलंच. सुनंदाताई फक्त माती पसरायची आणि उतरताना म्हणायची, "आबा, एवढं घ्या बगून."

भीती? खरं सांगू, एका क्षणाला पण वाटली नाही. उलट दोन वाजायची वाट बघायचो आम्ही.

पाचव्या दिवशी शेवटचा कोपरा झाला. मातीवर थोडी जागा सोडून पत्र्याच्या खालून मी माझ्या थर्माकोलच्या शीट पण बांधल्या, वाया का घालायच्या. दुपारी आम्ही तिघी बाजेभोवती बसलो. लाईट नव्हती. थर्मामीटर छत्तीसवर.

दोनला आवाज सुरू झाला. यावेळी हळू. एका कोपऱ्यातून निघून भिंतीकडेनं फिरत फिरत बाजेच्या बरोबर वर आला आणि थांबला.

मामानं डावा हात उचलला. कपाळापर्यंत नेला. ओठ वाकडे व्हायले, मान ताणली गेली. मामी घाबरून उठली, तिला वाटलं झटका येतोय. आणि सहा महिन्यांनी मामाच्या तोंडातून पहिला आवाज आला. तुटका, लाळेत भिजलेला, पण आम्ही तिघींनी ऐकला.

"ज... भीम... द'डू."

वरून एकदाच. धप.

बास. एवढंच.

मामानं तो उन्हाळा काढला. आता हळूहळू शब्द जोडतो, मामीला चहात साखर कमी पडली तर ओरडतो पण. मी आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणले, मातीत ओल टिकते, पत्रा वाजतो, आणि बाकीचं तुम्ही थकलेल्या होतात. ओल टिकते हे मान्य. पण आली कुठून? कुलपाचं काय? तीन बोटांचं काय?

बरं, हे सगळं सोडा. मला एकच कुणीतरी समजावून सांगा. पत्रा तोच आहे, बोल्ट तेच, चुडाव्याचं ऊन पण तेच. आवाज पत्रा पसरल्यानं येत असेल, तर रोज दुपारी यायला पाहिजे ना? यंदाचा मे आला आणि गेला. मी सुट्टीत पंधरा दिवस तिथंच होते. रोज दोन वाजता मामाच्या बाजेशेजारी बसायचे. मामा आणि मी, दोघं वर बघत.

एकदापण आला नाही.