आजारी सशांसाठी वेगळी खोली

माझ्या मेहुण्याला प्राणी अजिबात आवडत नाहीत. म्हणून त्यानं प्राण्यांचं दुकान काढलं.

यात कुणाला विसंगती दिसत असेल तर त्यानं पिंट्याला पाहिलेलं नाही. पिंट्या म्हणजे माझ्या बायकोचा, वैशालीचा, धाकटा भाऊ. उमरेडहून एसटीनं एक बॅग घेऊन 'दोन दिवसांसाठी' आला आणि नागपुरात मनीषनगरच्या आमच्या तिघांच्या (मी, वैशाली आणि मुलगी) वन बीएचकेमध्ये हॉलमधल्या दिवाणावर पाच वर्षं झोपला. या काळात त्यानं मोमो विकले. लग्नांत ड्रोन उडवला (तो नवरीच्या मावशीच्या अंबाड्यात उतरला). मग मिहानजवळचे, म्हणजे विमानतळाकडच्या नव्या उद्योगनगरीजवळचे, प्लॉट विकले. प्लॉट मिहानजवळ होते हे खरं आहे. चंद्रसुद्धा तसा पृथ्वीजवळच आहे!

मग एका संध्याकाळी त्याला आमच्या भागातली कुत्री दिसली.

"भाऊजी, तुमाले माईत हाये का? इथं लोकं कुत्र्याचा बड्डे करून राहिले! केक! वरून टोप्या!"

दुर्दैवानं तो बरोबर होता. आमच्या मनीषनगरात सख्ख्या आईची जन्मतारीख माहीत नसलेली माणसं कुत्र्याच्या वाढदिवसाला हॉल बुक करतात. ज्या शहरात मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते, तिथे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या एका सद्गृहस्थानं बर्फाळ प्रदेशातला हस्की पाळला आहे. कुत्रा बेडरूममध्ये एसीत झोपतो. सद्गृहस्थाचे वडील बाल्कनीत झोपतात, कूलरच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिकडे काहीच येत नाही! आणि हा मनुष्य स्वतःला कुत्र्याचा 'डॅडी' म्हणवतो. वडील त्याला काय म्हणतात ते मी ऐकलंय, इथे लिहिण्यासारखं नाही.

तर पिंट्यानं 'पिंट्याज पेट पॅलेस' काढलं, आमच्याच मागच्या गल्लीत. मला त्या पॅलेसशी घेणंदेणं नव्हतं. पण दुकानाला मागे एक मोठी हवेशीर खोली होती आणि पिंट्यानं आपली गादी तिथे हलवली! त्या दिवशी मी अख्ख्या मजल्यावर संत्रा बर्फी वाटली. (वैशालीला सांगितलं, दुकानाच्या आनंदात.) पाच वर्षांनी मी माझ्या हॉलमध्ये, माझ्या दिवाणावर, आडवा झालो. डोळ्यांत पाणी आलं हो!

हे सुख कायद्याला बघवलं नाही.

झालं असं, की पिंट्याला कुणीतरी सांगितलं, पेट शॉपची नोंदणी करावी लागते, नाहीतर दुकानाला टाळं. तपासणीला डॉक्टर येतात. पिंट्याचं कायद्याबद्दलचं मत साधं आहे.

"काई नसते भाऊजी. भितीवर एक फ्रेम लावा लागते."

मी मिहानमधल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. नियम हे माझं अन्न आहे. दुसऱ्यानं हेल्मेट घातलं नाही की मला जेवण गोड लागतं. मी नियमांचे कागद मिळवले आणि पिंट्याला समोर बसवून मोठ्यानं वाचले. प्राण्याला पिंजऱ्यात वळता आलं पाहिजे, अंग ताणता आलं पाहिजे. चोवीस तास प्यायचं पाणी पाहिजे. वीज गेली तर पर्यायी सोय पाहिजे. गोंगाट नको. गर्दी नको. प्राण्याला रंग लावायचा नाही.

"रंग?" पिंट्याचा चेहरा उतरला.

"काहून?" वैशालीनं विचारलं.

"मी सशे गुलाबी केले ना वं ताई."

"काहून पण?"

"पांढरे कोनी पाहूनच नाई राहिलं! गुलाबी केल्याबरोबर दोन गेले."

गर्दीचं तर विचारूच नका. दोन पिंजऱ्यांतले पक्षी त्यानं एकात कोंबले होते. त्याला तो जॉइंट फॅमिली म्हणत होता.

"परवाना नाई भेटला तं दुकान बंद करा लागन," पिंट्या म्हणाला आणि त्यानं दिवाणाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो!

"काही बंद करायचं नाही!" मी ओरडलो. "तपासणीच्या दिवशी जास्तीचे प्राणी आपल्या घरी ठेवू! ससे मी धुतो!"

वैशालीनं पदर डोळ्यांना लावला. "अहो, केवढा जीव हाये तुमचा त्याच्यावर!"

जीव कसला डोंबलाचा! मी दिवाण वाचवत होतो.

तपासणी आली नेमकी नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत. नवतपा म्हणजे काय हे नागपूरबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडे त्या दिवसांत नळाच्या गार पाण्यानं चहा होतो. सकाळी पिंट्या ऑटोतून वऱ्हाड घेऊन आला: लॅब्राडोरची दोन पिल्लं, लव्हबर्ड्सचा एक गजबजलेला पिंजरा, सहा गुलाबी ससे आणि एक पर्शियन मांजर. तिचं नाव महारानी. तोंड असं चपटं, की वाटावं कुणीतरी तोंडावर दार लावून घेतलंय. तिनं घरात येऊन एक चक्कर मारली, कूलरसमोरची माझी खुर्ची निवडली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच उभ्या उभ्या विचारलं, "बसलीस ना नीट?"

मी ससे घेऊन बाथरूममध्ये गेलो. पिंट्यानं कपड्याचा रंग वापरला होता आणि नेमका याच बाबतीत चांगल्या प्रतीचा माल घेतला होता. तासभर कोमट पाणी ओतलं. ससे होते तेवढेच गुलाबी राहिले. मी मात्र कोपरापर्यंत गुलाबी झालो, बनियन गुलाबी झालं, आणि घाम पुसल्यामुळे कपाळही!

तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघर करत थांबला. महारानीनं माझ्याकडे पाहिलं, जणू बिल मी थकवलं होतं. आणि फोन वाजला.

"भाऊजी," पिंट्या कुजबुजत होता. "थोडासा घोळ झाला."

"काय झालं?"

"डॉक्टर मॅडमनं विचारलं, आजारी जनावराईसाठी अलग रूम कुठी हाये? मागच्या रूममंदी तं माही गादी! मंग मी म्हनलं, भाऊजीच्या घरी हाये. दवाखान्यासारखी रूम हाये म्हनलं."

"मग?"

"मंग पाहाले येऊन राहिल्या ना."

"कधी?"

"जिन्यात हावो आम्ही."

दार उघडलं. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर एकही अनावश्यक रेषा नाही. मागे पिंट्या हात जोडून.

"आयसोलेशन रूम हीच का?"

मी नाही म्हणू शकत होतो. सेफ्टी ऑफिसर म्हणून म्हणायलाच हवं होतं. पण मॅडमच्या खांद्यावरून पिंट्या माझ्याकडे बघत नव्हता, दिवाणाकडे बघत होता.

"हीच," मी म्हणालो.

"आणि तुम्ही कोण?"

"हे आमचे अटेंडंट," पिंट्या म्हणाला. "जनावराईची देखभाल हेच करतेत."

ज्या माणसाच्या शिट्टीनं कारखान्यात क्रेन थांबते, तो मी ओल्या गुलाबी बनियनवर मान डोलावून उभा राहिलो! आणि त्याच क्षणी बाथरूममधून सहाही ससे रांगेत बाहेर आले.

डॉक्टर मॅडमनी ससे मोजले.

"हे गुलाबी का आहेत?"

मी डोळे मिटले. पिंट्या मात्र श्वासही न घेता बोलला.

"आजारी हायेत ना मॅडम! म्हनून तं अलग ठेवले."

मॅडम वाकल्या. एका सशाच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं.

"हा आजार हाताला लागतोय."

"लागतेच!" पिंट्या उत्साहानं म्हणाला. "भल्ला पसरते मॅडम! आमच्या भाऊजीले बी झाला, पाहा!" आणि त्यानं माझे दोन्ही हात पुराव्यासाठी वर केले.

यानंतर कुठलाही शहाणा माणूस खरं बोलून मोकळा झाला असता. मी खोकलो. आजारी दिसावं म्हणून!

मॅडमनी मोजपट्टी उलगडली. हॉल मोजला, मग पुन्हा मोजला, बहुधा मोजपट्टीवर विश्वास बसेना.

"या खोलीत रात्री किती असतात?"

उकाड्यानं माझं डोकं चालत नव्हतं. मी आपला घरचा, पिंट्या धरून, आकडा सांगून टाकला. "एरवी चार. लग्नसराईत आठ-नऊ."

"एवढ्या जागेत? त्यांना वळता येतं का?"

"एकानं वळायचं ठरवलं की सगळे वळतात."

"जात कोणती?"

मी जात सांगितली. पोटजातही सांगितली. मॅडमनी मोजपट्टी खाली ठेवली.

"मी कुत्र्यांची विचारतेय."

"लॅब्राडोर," मी म्हणालो.

पुढची उत्तरं मी का दिली मला माहीत नाही. एकदा घसरण सुरू झाली की माणूस थांबत नाही. वीज गेल्यावर पर्यायी सोय काय, तर मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा दाखवला, ज्यानं आम्ही वारा घेतो. पिण्याचं पाणी? एक दिवसाआड. उजेड? खिडकी आहे, पण ती शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे उघडते. (बिल्डरनं तिला 'सिटी व्ह्यू' म्हटलं होतं.) आग विझवायचं यंत्र?

इथे मी बाथरूममधली बादली दाखवली. दर सोमवारी मी कारखान्यात या यंत्रावर भाषण देतो.

डॉक्टर मॅडमनी निकाल उभ्या उभ्याच दिला. "ही जागा कुठल्याही सजीव प्राण्याला ठेवण्यायोग्य नाही. हे सगळे प्राणी आत्ताच्या आत्ता इथून हलवा. इथे एक तासही ठेवणं म्हणजे क्रूरता आहे."

इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वैशाली पुढे आली. तिनं हा फ्लॅट हौसेनं घेतला होता. पडदे स्वतः शिवले होते.

"काहून जी मॅडम? आमी राहून नाई राहिलो का इथं? माही पोरगी इथंच मोठी झाली!"

"तुम्ही खुशाल राहा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माणसांसाठी असा काही नियम नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला संताप आला. लव्हबर्डला किती जागा हे लिहिलेलं आहे. सशाला किती उकाडा चालेल याची सरकारला काळजी आहे. आमच्या बिल्डरला मात्र कुणी मोजपट्टी दाखवली नाही. मांजराला अंग ताणता आलं पाहिजे, आणि मी अंघोळीला साबण लावताना कोपर दाराबाहेर काढतो! बरं, चिडायचं कुणावर? मॅडमवर? त्या एकट्याच माणूस होत्या ज्यांना आमच्या घरात कुणाला तरी ठेवणं क्रूर वाटलं.

वरात परत दुकानात निघाली. मॅडम पुढे, मी महारानीला छातीशी धरून मागे, आणि मनात एकच: गेला परवाना, आला पिंट्या. दुकानात मॅडमनी सशांच्या रंगाबद्दल पिंट्याची जी खरडपट्टी काढली ती ऐकून मला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. मग त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"अरे, ही खोली किती छान आहे! उंच छत, दोन्हीकडून हवा, इन्व्हर्टर! आयसोलेशनला हीच करा. पिंजरे मोठे घ्या, रंग निघेपर्यंत ससे विकायचे नाहीत आणि ही गादी काढा. एवढं केलंत तर नोंदणीला माझी हरकत नाही."

"भेटला भाऊजी! परवाना भेटला!" पिंट्यानं मला मिठी मारली. मीही मारली. त्याच्या पाठीवर गुलाबी पंजे उमटले. मी देवाचे आभार मानले, कायद्याचे मानले, सशांचेसुद्धा मानले. दिवाण वाचला! आणि मग माझं लक्ष गेलं, की पिंट्या एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं गादीची गुंडाळी करत होता.

"हे काय?"

"मॅडम म्हनल्या ना, गादी काढा. कायदा हाये भाऊजी. तुमीच वाचून दाखवला."

तर सध्या पिंट्या आमच्या दिवाणावर आहे, कूलरच्या समोर, पाय पसरून. तो दुकानात गेला की तिथे त्याची गादी आणि बॅग असते. आणि मी रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पडतो. अटेंडंट म्हणून माझंच नाव दिलेलं आहे, त्यामुळे कुणी हटकत नाही. तिथे वीज जात नाही. गोंगाट नाही. वळता येतं. मध्ये मोठी काच आहे, तिच्यातून काउंटर दिसतो.

परवाच्या रविवारी एक बाई कुत्र्यासाठी बिस्किटं घ्यायला आल्या. माझा नुकताच डोळा लागत होता. त्यांनी काचेतून बराच वेळ निरखून पाहिलं आणि पिंट्याला विचारलं, "भाऊ, हे आतमंदी काय ठेवलं हाये?"

"ते विकाचं नाई मॅडम," पिंट्या म्हणाला. "ते आमच्या ताईनं पाळलं हाये."

मी ताडकन उठलो. आता मात्र चार शब्द सुनावायचेच! पण तेवढ्यात पिंट्यानं दार किलकिलं करून गार पाण्याची वाटी आत सरकवली, आणि मी सगळी पिऊन टाकली.