आघाड्याच्या जागी काच

पाणीगेटच्या कुसुमावती सुर्व्यांकडे हरतालिकेची पत्री आणायचं काम तीसेक वर्षं आहे. नवरा बाजव्याला नोकरीत होता तेव्हापासूनचं. सोळा झाडांची पानं, आळीतल्या अकरा बायकांचे अकरा वाटे. बाजारच्या जुडीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मांडवीच्या बाजारातला मेला मेंदीचा पाला डाळिंब म्हणून खपवतो," हे त्यांचं दरवर्षीचं.

पंधरा पानं कुठेही मिळतात. आघाडा मात्र एका ट्रस्टच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये, विहिरीमागच्या पडीक तुकड्यात. म्हणून यंदाही आदल्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन गेल्या, तर दाराशी तिकीट. आत काचकामाचं प्रदर्शन.

"चला ना आई, आलोच आहोत तर बे फोटा पाडू," सून श्रद्धा म्हणाली.

आत बकुळीच्या खोडाला करकचून तार आवळलेली, तारेला लालभडक काचेचे घोस लोंबत होते.

"झाडाला मूळव्याध झालीय गं," कुसुमावती म्हणाल्या.

"आई, हळू!"

"हळू कशाला? तार सालीत रुतलीय बघ. चीक गळतोय." त्यांनी बोट लावलं आणि पदराला पुसलं. तळ्यात काचेची कमळं, देठांना शेवाळाचा बुळबुळीत थर, त्यात मेलेले डास. माणसं त्यावर वाकून "वाह, सरस!" करत होती. खरं कमळ कोपऱ्यात फुललं होतं, त्याच्याकडे सगळ्यांची पाठ.

विहिरीमागे पडीक तुकडाच नव्हता. पांढरी खडी, खडीत रोवलेली हिरव्या काचेची पाती. बागेच्या व्यवस्थापक निरुपमाबेन हसत पुढे आल्या. "आवो मासी! केवुं लागे छे?"

"इथला अघेडो कुठाय?"

"ए तो नींदामण! बधुं काढी नाख्युं."

"तण म्हणते देवाच्या पत्रीला," कुसुमावती सुनेकडे वळून पुटपुटल्या.

निरुपमाबेननी कौतुकाने काचेकडे हात केला. "आ जुओ ने, धरो! पाणी नहीं, खातर नहीं, कायम लीली."

"मग गणपतीला हीच बिनखताची, कायम हिरवी दूर्वा वाहा. सोंड चिरेल त्याची."

उपटलेलं सगळं पाण्याच्या टाकीमागे टाकलं होतं. कुसुमावती उकिरड्यात शिरल्या. आघाडा होता, पण काळा पडून कुजलेला, वर नाश्त्याच्या खरकट्या डिशा, चटणीचे ओघळ आणि माशा.

"नाही मिळालं तर त्या पत्रीच्या नावाने अक्षता वाहतात ना?" श्रद्धा नाकाला रुमाल लावून म्हणाली.

"वाहतात. अकरा घरी जाऊन काय सांगू? बागेत आघाडा मिळाला नाही?"

त्या बाहेर आल्या. साडी झटकायला वाकल्या आणि थांबल्या. काठभर आघाड्याचं बी चिकटलं होतं, उकिरड्यातल्या तुऱ्यांचं पिकलेलं, टोचणारं. साडीला लागलं की सहजी सुटत नाही, म्हणून एरवी शिव्या खाणारं.

"घरी काढू आपण," श्रद्धा म्हणाली.

"घरी कशाला?"

कुसुमावती परत विहिरीमागे गेल्या. निरुपमाबेन दुसऱ्या पाहुण्यांना कमळं दाखवत होत्या. कुसुमावती काचेच्या पात्यांत उकिडव्या बसल्या, नखाने एकेक बी खरवडून खडीखालच्या ओल्या मातीत दाबू लागल्या. श्रद्धा इकडेतिकडे बघत आडोसा करून उभी राहिली.

"आई, कोणी विचारलं तर?"

"सांग, म्हातारीला चक्कर आली. खोटं नाही काही. हे सगळं बघून येतेच आहे."