शाफ्टवरून फिरणारं बोट

आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या जळगावच्या शेडमध्ये शाफ्ट तपासायला बसले की कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, असा नियमच होता. जुन्या लुगड्याच्या चिंधीने शाफ्ट पुसायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट त्यावरून सावकाश फिरवायचे. मग "चालेल" किंवा "नाही" एवढंच. त्यावर अपील नव्हतं.

रस्ता न फोडता रस्त्याखालून पाइप टाकणारी मशिनं आता सगळीकडे दिसतात. या कडेला जमिनीत शिरायचं, खालच्या खाली वळायचं आणि पलीकडे निघायचं. त्या मशीनचं जमिनीत घुसणारं डोकं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. डोक्याच्या आत तेल, तेलात बेअरिंग, मधोमध फिरणारा शाफ्ट. बाहेरून रेतीचं गढूळ पाणी जोरात वाहत असतं. तेल आणि रेती यांच्यामध्ये असतं फक्त रबराचं एक सील.

सुरुवातीला आबांनी खास जळगावी चूक केली होती. आमचं गाव पाइपांचं. पाइपाच्या जोडातली काळी रिंग घराघरात लोळत असायची. आबांनी तीच कापून सीलच्या जागी बसवली. पाण्याला ती रिंग वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण तेल लागलं आणि फुगली चहात पडलेल्या टोस्टसारखी. ती हातात धरून आबा इतके हसले, की आई आतून बघायला आली. त्या हसण्याची मला अजून आठवण येते, आणि आली की काम सुचत नाही.

पुढे ते या कामात मुरले. मला शिकवताना सांगायचे, रेती रबराला खाते असं लोकांना वाटतं, पण ती आधी रबरात रुतून बसते, आणि मग ते रबरच फिरत्या लोखंडाला खातं. शाफ्टवर बारीक चर पडतो. डोळ्याला तो पटकन दिसत नाही, बोटाला लागतो. चर पडलेल्या शाफ्टवर कितीही भारी सील बसवा, पाणी शिरणारच. तेव्हा एक तर शाफ्टवर पातळ लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवायची, नाही तर सील जरा सरकवून कोऱ्या जागी बसवायचं. आबा म्हणायचे, "ज्या दिवशी बोट खोटं बोलीन, त्या दिवशी मी घर बसी जासू." आम्ही हसायचो. आबा आणि घरी बसणार!

मग त्यांना साखर निघाली. एकदा फाटकापासून शेडपर्यंत ते एकाच चपलेने चालत आले. दुसरी वाटेत निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. सगळे हसले, तेही हसले. मी मात्र त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिले.

त्याच सुमारास नरडाण्याच्या साइटवरून एक डोकं परत आलं. आतलं तेल दुधासारखं पांढरं झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. आबांनी शाफ्टवरून बोट फिरवलं, "चालेल" म्हणाले, सीलवाल्यावर खापर फोडलं आणि नवं सील बसवलं. डोकं पुन्हा तसंच परत आलं. या वेळी मशीन चालवणाऱ्याचा उद्धार झाला. तो बिचारा फोनवर नुसता "हो आबा, हो आबा" करत होता. दुपारी आबा जेवायला गेले, तेव्हा मी तो शाफ्ट पुसला आणि बोट फिरवलं. चर होता. दडलेला वगैरे नाही, चांगला ठसठशीत.

मी घरी गेले, तर आबा कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत सकाळचाच राग आळवत होते. मी मूग गिळून बसले. त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्या हातून त्यांची जागा काढून घेणं, आणि ती जागा गेली तर त्या माणसाचं काय उरलं असतं? मी गुपचूप लेथवाल्याकडे जाऊन शाफ्टवर स्लीव्ह चढवून आणली. डोकं गेलं, चाललं, तक्रार आली नाही. आबा खूश. मीही, थोडी.

पण त्यांचं बोट गेलं होतं, डोळे नव्हते गेले. साइटचं काम संपल्यावर ते डोकं नेहमीच्या साफसफाईला आलं. आबांनी ते उघडलं आणि त्यांनी न सांगितलेली स्लीव्ह त्यांना दिसली. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. चिंधीची घडी घातली, स्टुलावर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी शेडवर आले नाहीत. त्यानंतरही नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करायला लागले, आणि मला ते बघवेना.

शेवटी एक दिवस मी धुळ्याहून आलेला शाफ्ट उचलला, ओट्यावर नेला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आबा, आठे काहीतरी लागस. स्लीव्ह बसाडू का सील सरकाडू?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माले काय इचारस? माले काहीच लागत नही."

"माले लागस. पण काय करनं ते माले समजत नही."

हे खोटं नव्हतं. लागणं वेगळं आणि त्याचं काय करायचं ते कळणं वेगळं. ते तर अजून त्यांच्याकडेच होतं.

आबांनी शाफ्टचं एक टोक आपल्या हातात धरलं आणि मला म्हणाले, "फिराव. सावकाश."

मी बोट फिरवायला लागले. आबा शाफ्टकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पापणीही न हलवता. बोट पुढे सरकलं, आणखी पुढे सरकलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझं मनगट धरून बोट तिथेच थांबवलं.

"आठे," आबा म्हणाले. "आठेच शे."