चौकातला फळा आणि केबलची पट्टी

नेवाशातल्या आमच्या चौकात पिंपळाखाली तरुण मंडळाचा एक काळा फळा होता आणि त्या फळ्यावर माझं राज्य होतं. कुणाला मुलगा झाला, कोण दहावी पास झालं, कुणाचा वाढदिवस, कुणाचा दहावा, सगळं मी लिहायचो. पोटासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचो. फळा मात्र हौसेचा. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं की अक्षर असं उठून दिसायचं, की गुरुजी सायकलवरून उतरून वाचायचे. लोक मला रस्त्यात गाठायचे. "आमच्या पोरीचं नाव जरा मोट्टं काढा बरं का!" मी उगाच कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, बघू.

माझा एक नियम होता. मयताची बातमी आली की अख्खा फळा पुसायचा आणि पांढऱ्या खडूनं फक्त गेलेल्या माणसाचं नाव आणि अंत्यविधीची वेळ लिहायची. यावरून मंडळाच्या अध्यक्षाशी माझी एकदा चांगलीच जुंपली, कारण पुसलेला वाढदिवस त्याच्या भाच्याचा होता. मी काय ऐकतोय!

मग माझ्या एका वर्गमित्रानं घरावर टीव्हीची ती मोठी छत्री लावली. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा. बघता बघता निम्म्या गावात त्याची केबल गेली आणि पाठोपाठ त्यानं कॉम्प्युटर आणला. दुपारच्या हिंदी पिक्चरखाली पट्टी पळायला लागली: अमक्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. अरे, याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! शाळेत गुरुजींनी त्या अक्षरापायी त्याला बडव बडव बडवला होता. आणि आता गाव त्याच्या दारात उभं, तेही माझ्या घरावरून जाऊन. कॉम्प्युटरला कुठं अक्षर लागतं? बोट असलं की झालं.

मी जळत होतो, साफ सांगतो. पट्टीत नाव यायचंय म्हणून बाया तव्यावरची पोळी करपू द्यायच्या, आणि ते नाव यायचं न् डोळ्याचं पातं लवेस्तोवर जायचं. मी लिहिलेलं नाव दिवसभर फळ्यावर असायचं, पण बघतो कोण? घरातसुद्धा सुख नव्हतं. आई शेजारी टीव्ही बघायला जायची आणि आल्या आल्या सुरू व्हायची, "आज पट्टीत कोनाकोनाचं आलं, म्हाईत हाय का?"

"मला नको सांगूस."

"आता गं बया! तुझ्या का पोटात दुखतंय?"

दुखतच होतं. तो पठ्ठ्या एकदा स्वतःहून म्हणाला, "ये की माझ्याकडं. दोघं मिळून करू." मी म्हणालो, "तुझं तू बघ." त्यानंतर त्याच्या घराची गल्लीच टाकली.

आई गेली ती हिवाळ्यात, पहाटे. तिनं गावातली कुणाची माती चुकवली नव्हती. जात बघितली नाही, भांडण बघितलं नाही. कुणी गेलं की पदर खोचून निघायची. तिच्या मातीला माणूस कमी पडता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं. उजाडताच मी चौकात गेलो, फळा पुसला आणि आईचं नाव लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही. मग समोरच्या ओट्यावर बसून राहिलो. दूधवाले गेले, शाळेची पोरं गेली. एकजण तर फळ्याला टेकूनच उभा राहिला, बिडी ओढली, रस्त्याकडं बघितलं आणि गेला.

तेव्हा मात्र उठलो आणि टाकलेल्या गल्लीत शिरलो.

तो चहा पीत होता. माझं तोंड बघूनच त्यानं कप खाली ठेवला. "कवा?"

"पहाटं."

त्यानं अंत्यविधीची वेळ विचारली, आईचं पूर्ण नाव विचारलं, कॉम्प्युटरवर बसला आणि त्या दिवसाचे सगळे वाढदिवस काढून टाकले. सकाळपासूनच नुसतं आईचं नाव पळत राहिलं. मेल्यानं माझाच नियम पाळला होता, आणि त्याला मनातून शिवी घालायचीही सोय ठेवली नव्हती.

दुपारी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाण्याच्या घरचे आले, मोहल्ल्यातली माणसं आली, आईशी वर्षानुवर्षं न बोललेली तिची चुलत जाऊ आली. जो तो माझा हात धरून तेच सांगत होता, "पट्टीत वाचलं न् तसाच उठून आलो."

खांदा द्यायला तो माझ्या शेजारीच होता. मागं वळून बघितलं तर नदीच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. एवढी माणसं मी कधीच गोळा केली नसती. आईसाठी ऊर भरून आला आणि त्याच क्षणी शेजारच्या त्या खांद्याचा मला इतका हेवा वाटला, की डोळ्यांतून पाणी कशाचं आलं, ते मला आजही सांगता येत नाही.