लातूरला टायर घ्यायला

गोदावरीचा पूल ओलांडून लातूर फाट्याला लागले तेव्हा सकाळचे आठ वाजत होते. मागच्या सीटवर अर्धापूरच्या केळींचा एक घड होता आणि धुतलेल्या कपड्यांची पिशवी. दर शनिवारी हेच सामान घेऊन मी निघते. या शनिवारी मात्र आणखी एक काम होतं. गाडीला नवे टायर घ्यायचे होते.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरी अर्धापूर तालुक्यात, मुक्काम नांदेडला. माझे यजमान लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवतात. आमची मुलगी ऋतुजा नववीत आहे, ती त्यांच्याजवळ असते. असं राहायला लागून चार वर्षं झाली. गाडी उंच, दणकट, पांढरी. तशी नावालाच पांढरी, कारण रोज नांदेडहून अर्धापूर आणि तिथून गावोगाव केळीच्या बागांतल्या चिखलवाटा तुडवाव्या लागतात. अडलेली म्हैस डांबरी रस्त्याच्या कडेला कधीच नसते.

खरं तर टायर वर्षापूर्वीच झिजले होते. दर वेळी मी म्हणत आले, बदली झाली की बघू. चाकूरच्या जागेसाठी मी तीनदा अर्ज केला होता. चाकूर लातूर जिल्ह्यात, लातूरपासून पाऊण तासावर. ती जागा मिळाली असती तर रोज संध्याकाळी मी माझ्या माणसांत परतले असते. मग गाडी एवढी पळवावी लागणार नव्हती, आणि टायरही साधेसुधे चालले असते. नांदेडला टायरची दुकानं नाहीत असं मुळीच नाही. पण घरात काही मोठी वस्तू घ्यायची तर तिघांनी मिळून घ्यावी, एवढी हौस मी अजून सोडलेली नाही. फ्रिज फोनवर बोलून घेतला होता. तेव्हाचं वाईट वाटणं लक्षात राहिलं आहे.

लोह्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. तुरी कापून झाल्या होत्या, काळ्या रानात नुसती खुंटं उभी होती. मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा, त्याच्या कडेला करडईची पिवळी फुलं. थंडी अजून उतरली नव्हती. माळाकोळी मागे टाकून थोडंच अंतर गेले असेन, तोच स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून पाहिलं तर पुढचं चाक बसलेलं.

नशिबानं समोरच, बाभळीखाली, पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि हवेची टाकी. डोक्याला मफलर बांधलेले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी जॅक लावला, चाक काढलं आणि ते जमिनीवर आडवं ठेवून त्याच्याभोवती फिरून पाहिलं. मी एखादी आजारी गाय पाहते तसंच.

"ताई, पंक्चर काढून देतो, पण फायदा न्हाई," ते म्हणाले. "हितं हात लावा."

टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता.

"आतला धागा तुटलाय. कवा फुटंल त्याचा नेम न्हाई. आन ह्या कडा बघा, निस्त्या गुळगुळीत. हवा बघता का कधी?"

"आठवण झाली की."

"आठवण झाल्यावर न्हाई. सकाळी, गाडी थंड हाय तवा बघायची. हवा कमी असली की कडा झिजतात, जास्त झाली की मधला भाग झिजतो. तुमची कायम कमीच हाय." त्यांनी उरलेल्या तिन्ही चाकांवरून हात फिरवला. "टायर संपून लई दिवस झाले. कशाची वाट बघून राहिल्या तुम्ही?"

त्यांनी स्टेपनी (जादाचं चाक) बसवून दिली. निघताना म्हणाले, "लातूरपोत्तर सावकाश जा."

अहमदपूरला पोटात काहीतरी घालावं म्हणून थांबले. बसस्टँडजवळच्या टपरीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी) मिळाला. वर लिंबू पिळून दिलं होतं. गरम होता, चवीलाही बरा होता. शेजारच्या बाकावर एक बाई मुलीच्या वेणीला रिबीन बांधत होती, मुलगी खाता खाता मान हलवत होती आणि आईची बोलणी खात होती. ऋतुजाची वेणी मी शेवटची कधी घातली, ते आठवेना. आता तिनं केस कापले आहेत. कापल्याचं मला फोटोत कळलं.

शिरूर ताजबंद मागे टाकून चाकूरला पोचले. दर शनिवारी मी चाकूरवरून सरळ पुढे जाते. त्या दिवशी गाडी दवाखान्याकडे वळवली. का वळवली, ते त्या पंक्चरवाल्या मामांना विचारावं लागेल. आवारात जनावरं बांधायचा लोखंडी खोडा, पाण्याचा हौद आणि एक मोठा लिंब (कडुनिंब) आहे. मी इथे आले तर गाडी कुठे लावायची तेही ठरवून ठेवलं होतं, त्या लिंबाखाली. तिथे एक मोटारसायकल उभी होती.

दवाखान्यातले परिचर मला ओळखतात. अर्जाच्या निमित्तानं दोनदा भेट झाली होती. त्यांनी आधी पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कळलं न्हाई का? जागा भरली की."

"कधी?"

"सोमवारी रुजू झाले सायेब. आता शिवारात गेलेत, एका बैलाला बघायला."

"कसे आहेत?"

"चांगले हायेत. बायकापोरं संगं घेऊन आलेत. हितंच घर बघून राहिले."

त्या साहेबांचा राग यावा म्हणून मी थोडा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तेही कुठूनतरी अर्ज करून करूनच आले असतील. पाण्याचा तांब्या परत दिला, "येते" म्हणाले आणि गाडीत बसले. चाकूर ते लातूर पाऊण तासाचा रस्ता मला त्या दिवशी फार लांब वाटला.

लातूरच्या घरी हे आणि ऋतुजा जेवायचे थांबले होते. ह्यांनी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, थापलेल्या भाकऱ्या) आणि दही केलं होतं. चार वर्षांत ते स्वयंपाक चांगला करायला लागले आहेत. जेवण झाल्यावर मी चहा ठेवायला उठले आणि पत्तीचा डबा सापडेना.

"आई, तो आता वरच्या फळीवर असतो," ऋतुजा म्हणाली आणि टाचा उंच न करता तिनं डबा काढून दिला.

चाकूरचं मी काही सांगितलं नाही. चहा पिऊन आम्ही तिघं निघालो.

रशीदभाईंचं दुकान औसा रोडला आहे. ह्यांची जुनी ओळख. आत रबराचा उग्र वास आणि छतापर्यंत टायरच्या चळती. रशीदभाईंनी आधी गाडी पाहिली, मग मला विचारलं, "मॅडम, रोज किती चालते? आणि कुठं चालते?"

मी सांगितलं. डांबर किती, माती किती, दगड किती. ते मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी दोन टायर पुढ्यात आणून उभे केले.

"हा नरम. गाडी लोण्यासारखी चालंल, आवाज न्हाई, किंमत बी हलकी. पण तुमच्या रस्त्याला दोन वर्षांच्या आत बसंल. हा दुसरा कडक. नक्षी खोल हाय, बाजूची भिंत जाड हाय, दगड लागला तरी सहजी कापत न्हाई. थोडा घूं घूं आवाज करंल आणि खड्ड्यात धक्का जास्त देईल. पण उमर लांब. हवा बरोबर ठेवा, वेळच्या वेळी चाकं पुढची मागं, मागची पुढं करा, तर चार वर्षं बघायची गरज न्हाई."

ऋतुजानं वाकून टायरवरचे आकडे वाचले. "हे चार आकडे कशाचे?"

"बेटा, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर कधी बनला ते कळतं. जुना पडून राहिलेला माल कुणी दिला तर घ्यायचा न्हाई. न वापरता बी रबर म्हातारं होतं."

ह्यांनी नरम टायरवर हात ठेवला. "हाच घेऊ. वर्षभराचा तर प्रश्न आहे. चाकूर झालं की दर आठवड्याची नांदेडची फेरी वाचेल. चार वर्षांचे टायर कशाला?"

ते अगदी सहज बोलले होते. चार वर्षं आम्ही तिघंही असंच सहज बोलत आलो होतो. उन्हाळ्यानंतर होईल, दिवाळीनंतर होईल. मला वाटलं, आता नको, घरी गेल्यावर सांगू. पण रशीदभाई माझ्याकडे बघत उभे होते.

"कडकवाले द्या," मी म्हणाले. "जास्त टिकणारे."

हे माझ्याकडे बघायला लागले. "चाकूरचं काही कळलं का?"

"सोमवारी कोणीतरी रुजू झालं. सकाळी जाऊन आले मी."

रशीदभाई शहाणे माणूस, पावतीपुस्तक शोधायला आत गेले. हे बराच वेळ त्या टायरची नक्षी बघत राहिले, बोटानं खाचेची खोली मोजल्यासारखं करत. मग आतल्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, "रशीदभाई, पाच द्या. स्टेपनीलाही नवाच." आणि हळू आवाजात मला म्हणाले, "वाटेत एकटी असतेस."

टायर चढवून, चाकांची दिशा यंत्रावर जुळवून गाडी खाली यायला दोन तास लागले. तोवर आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. ऋतुजा शाळेतल्या कुठल्याशा नाटकाबद्दल सांगत होती. त्यात ती सरपंच झाली होती. मी ते नाटक पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं मला सगळे संवाद म्हणून दाखवले. इतरांचेसुद्धा.

रविवारी दुपारी निघाले. नवे टायर सुरुवातीला घसरतात, पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा, असं रशीदभाईंनी बजावलं होतं. ऋतुजा खिडकीला धरून उभी होती.

"आई, पुढच्या शनिवारी तू येऊ नको."

"का गं?"

"मी येते नांदेडला. एसटीनं. दर वेळी तूच का यायचं? तुझं घर मी नीट बघितलंच नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी बसवून देतो. तू स्टँडवर उतरवून घे."

जपून चालवल्यामुळे परतीला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. टायरचा आवाज खरंच येत होता, बारीक, सलग. अहमदपूरच्या अलीकडे तो कानाला खुपत होता, लोह्याच्या पुढे सवयीचा झाला. त्या सावकाश प्रवासात एक गोष्ट लक्षात आली. या रस्त्यावरून मी आजवर शेकडो वेळा गेले असेन, पण मनातल्या मनात दर फेरी शेवटचीच समजत होते. म्हणून टायर बदलले नाहीत, म्हणून नांदेडच्या घराला पडदेसुद्धा लावले नाहीत. बदली आजही हवी आहे. पाचवीतल्या ऋतुजाची वेणी मला अजून घालायची आहे, आणि ती आता कुठल्याच गावी घालता येणार नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

दिवस मावळायच्या आत नांदेडला पोचले. गाडी लावली, "पोचले" म्हणून फोन केला. मग आतली छोटी खोली उघडली. तिथे चार वर्षांपूर्वी सामानाबरोबर आलेली, अजून न फोडलेली खोकी होती आणि त्यांच्यावर लसींच्या रिकाम्या पेट्या, गमबूट, जुनी मासिकं. खाली कुठेतरी एक खाट होती. मी पदर खोचला आणि खोकी एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.