आधी जीभ दाखवा

"जीभ भायर काढा." अंगणात कुणीही आलं, की मावशींचं स्वागत हे असं. बसा, चहा घ्या वगैरे सगळं नंतर.

बोरीच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथं शाळामास्तर. गावात कुणाचं तोंड आलं, की बोरीच्या डॉक्टरांच्या पिवळ्या गोळ्या खाऊन माणूस शेवटी बौद्धवाड्यात मावशींकडे यायचाच. त्यांच्या दारात जाईचा वेल होता. त्याचा पाला चावायचा, रस जिभेवर घोळवायचा, मग थुंकायचा. तोवर बोलायचं नाही. नियम एकच. जीभ पाहिल्याशिवाय मावशी पाला तोडत नसत, आणि दुसऱ्याच्या हाती तर मुळीच देत नसत. "दुखनं एकाचं, अन् पाला दुसऱ्यानं न्यायचा व्हय?" असं म्हणायच्या.

नामांतराची दंगल झाली, तेव्हा गावानं वाड्यावर बहिष्कार टाकला. गिरणीत त्यांचं दळण घेईनात. गिरणी बापूंची, बंदीही त्यांचीच. मावशींनी कोपऱ्यातलं जातं पुन्हा मांडलं. अर्ध्या वाड्याचं पीठ त्यांच्याच जात्यावर. मावशींचा खांदा धरला, हात वर जाईना.

अशात बापूंचं तोंड आलं. ताकसुद्धा झोंबायचं. गडी पाठवला, तो रिकामा परत गेला. शेवटी बापू स्वतः आले, उपरण्यानं तोंड झाकून. मी आधीच तिथं पाला चघळत बसलो होतो. बोलायची मनाई असल्यामुळे माझी सोय झाली.

"जीभ भायर काढा, बापू."

अख्ख्या वाड्यादेखत बापूंनी जीभ काढली. मावशींनी सावकाश पाहिली.

"लय चिरलीय. तिखट बंद. भाकर बी बंद." बापूंनी मान डोलावली. मावशी पुढं म्हणाल्या, "आमची बी बंद व्हायची पाळी हाय. किती दळावं मानसानं? हात उचलंना गेलाय."

जीभ अजून बाहेरच होती. आत घ्या, असं मावशी म्हणाल्या नव्हत्या.

मग त्यांनी तोच दुखरा हात कसाबसा वर नेऊन पाला तोडला. "धरा. आमचं दळन घ्या न्हाईतर नका घेऊ. पाला उद्या बी मिळंल."

दुसऱ्या दिवशी वाड्याचं दळण गिरणीत गेलं. बापू कुणाला काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची मनाईच होती.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माझं तोंड आलं, म्हणून मुद्दाम तिकडे गेलो. सून म्हणाली, "घ्या की गुरुजी, पायजे तेवढा." वेल आता छपरावर चढलाय. मी हात वर केला, पण पाला तोडवेना. मावशींची फार आठवण आली. वेलासमोर तसाच उभा राहिलो, जीभ बाहेर काढून.