सापाराली डॉक्टरची माफी

किर्गिझस्तानात नारीनकडच्या आमच्या गावात हजला निघालेला माणूस आधी दारोदार माफी मागतो. सापाराली डॉक्टरही फिरला. सोबत मुल्ला, शहरात मानसोपचार करणारी सून आणि साखरेचे पुडे. प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा." लोक म्हणायचे, "केलं." वर्गणी मागावी तशी माफी मागत होता मेला.

तो कालिपाच्या दारात आला तेव्हा मी तिथंच लोकर पिंजत बसले होते. कालिपा पूर्वी त्याच्याच दवाखान्यात नर्स होती. बावीस वर्षांपूर्वी गावातल्या झुराचं तान्हं बाळ तिथं दगावलं. त्या दिवशी डॉक्टर दारू पिऊन लोळत होता. चौकशीत मात्र त्यानं लिहून दिलं, नर्सनं चुकीचं इंजेक्शन दिलं. कालिपाची नोकरी गेली, नवराही सोडून गेला. झुरा तिला बघून थुंकायची. तेव्हापासून कालिपा लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गालिचे शिवून पोट भरते.

डॉक्टरनं तिच्यापुढेही तेच वाक्य म्हटलं.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

"आता ते कशाला उकरायचं?"

"उकरू नका. काय केलंत तेवढं तोंडानं सांगा."

डॉक्टर टोपी चाचपू लागला. मुल्ला म्हणाला, "माणसाचा अपराध माणसानंच माफ करायचा असतो, सापाराली. अल्लाही त्यात पडत नाही. सांगून टाक."

त्यानं साखरेचा पुडा तिच्या हातात दिला. सून मऊ आवाजात म्हणाली, "ताई, राग धरून ठेवला की तो आपल्यालाच पोखरतो. त्यांच्यासाठी नको, स्वतःसाठी सोडून द्या."

"मला झोप छान लागते, पोरी. सासऱ्याला विचार, त्याला लागते का." कालिपानं साखरेचा पुडा त्याच्या हातात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सून एकटी आली. कालिपाकडून सगळं ऐकून घेतलं आणि ते सांगायला तडक झुराकडे गेली. दुपारी झुरा फाटकाशी उभी.

"मी तुला शाप दिले," ती म्हणाली. "तुझ्या दारात राख टाकली. ही पोरं मारते, असं बायकांना सांगितलं."

कालिपानं सुई नमद्यात खोवून ठेवली. मग म्हणाली, "आत ये. चहा गार होतोय."

डॉक्टर हज करून आला. आता हाजी म्हणून मिरवतो, मेजवानीत मानाच्या जागी बसतो आणि सांगतो, "कालिपाचं मन फार कठोर." खरं एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ऐकणारे माना डोलावतात आणि मांसाचा पहिला तुकडा त्यालाच वाढतात.